दुर्बिणीच्या तपासणीनंतर वाकडे झालेले तोंड

जठराची दुर्बिणीतून तपासणी किंवा पित्तनलिकेतले खडे काढण्याची ईआरसीपी झाल्यावर अगदी क्वचित एखाद्या रुग्णाचे तोंड एका बाजूला वाकडे होते. दुर्बीण तर चेहऱ्याच्या नसेला शिवतही नाही. कारण सापडते ते बाहेर, बहुधा जबडा धरणाऱ्या हातात.

चेहऱ्याची ही नस कानाच्या पाळीमागून कवटीबाहेर येते, गालातल्या पॅरोटिड लाळग्रंथीत शिरते आणि पाच शाखांत फुटते. इथे ती फारशी खोल नसते. गुंगीचे औषध चढले की जीभ मागे पडते, रुग्ण घोरू लागतो, ऑक्सिजनचा आकडा उतरतो. मग डोक्याशी उभा असलेला भूलतज्ज्ञ जबड्याच्या कोनामागे बोटे घालून जबडा पुढे उचलतो आणि श्वास मोकळा होतो. हे करावेच लागते. पण काम लांबले आणि बोटे एकाच जागी रुतून राहिली, तर नस चेपते. ईआरसीपीत रुग्ण बहुधा पालथा असतो, मान एका बाजूला वळवलेली असते, त्यामुळे खालच्या गालावर डोक्याचा भार येतो तो वेगळाच.

दुसरी शक्यता हवेची. ओकारीची उबळ येताना घशातला दाब कानाच्या नळीतून मध्यकर्णात पोहोचू शकतो. तिथे नसेवरचे हाडाचे कवच काही जणांत जन्मतः अपुरे असते. पाणबुड्यांमध्ये आणि विमानप्रवाशांत दिसणारा असा लकवा सहसा काही तासांत उतरतो.

पहिली शंका मेंदूच्या झटक्याची, आणि ती घ्यायलाच हवी. झटक्यात कपाळाला आठ्या घालता येतात; पूर्ण नस दुखावली असेल तर येत नाहीत. मात्र जबड्याच्या कडेची शाखा एकटीच चेपली तरी कपाळ शाबूत राहते आणि फक्त खालचा ओठ खाली ओढला जात नाही. म्हणून हातापायांची ताकद आणि बोलणेही लगेच तपासावे.

नुसत्या दाबाने सहसा नसेचा धागा तुटत नाही, संदेश तेवढा अडतो. शल्यविशारद सेडन यांनी 1943 साली या अवस्थेला न्यूराप्रॅक्सिया म्हटले. ती बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत भरून येते. स्टिरॉइड अनेकदा देतात, पण त्याचा आधार बेल्स पाल्सीच्या, म्हणजे उघड कारणाशिवाय होणाऱ्या चेहऱ्याच्या लकव्याच्या, अनुभवाचा आहे. त्याहून निकडीचा आहे डोळा. पापणी मिटत नसेल तर बुबुळ कोरडे पडून जखम होते. दिवसा अश्रूसारखे थेंब, रात्री मलम आणि पापणी मिटवून लावलेली चिकटपट्टी, हे पहिल्याच दिवसापासून सुरू करावे लागते.