पुरापूर्वीचे पथ्य : घर, गोठा आणि औषधालय

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात जनपदोद्ध्वंसाची मीमांसा आहे. वायू, उदक, देश व काल हे चार भाव दूषित झाले, की भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच वेळी व्याधिग्रस्त होतात. विशेष म्हणजे, आपत्तीपूर्वीच औषधींचा संग्रह करावा, असा उपदेशही तेथेच आहे. पूरप्रवण भागातील वैद्यांनी हे सूत्र औषधालयापुरते न ठेवता रुग्णाच्या घरापर्यंत न्यावे, असे आम्हांस वाटते.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढले. त्याच वेळी कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फूट गाठले. येथे पाणी चढण्यास दिवस लागतात. कोकणात मात्र तासच मिळतात. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडविली.

इशारा मिळूनही कित्येक कुटुंबे घर सोडीत नाहीत. ‘गुरे टाकून जायचे कसे?’ हा त्यांचा प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे. पाणी दाराशी आल्यावर गुरे हलविणे अशक्य होते व माणसेही अडकतात. म्हणून मुक्या जीवांची व्यवस्था हा दयेचा नव्हे, माणसांच्या प्राणरक्षणाचा विषय आहे.

घर व गोठा

गुरे धोक्याच्या नव्हे, तर इशारा पातळीलाच उंच जागी न्यावीत. ती जागा, वाहन आणि वैरण-पेंडीची सोय मे महिन्यातच ठरवावी. घटसर्प व फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वी पशुवैद्यकांकडून टोचून घ्याव्यात. निघणे अशक्यच झाले, तर दावी सोडावीत. बांधलेले जनावर पोहू शकत नाही. कुत्र्यासाठी पट्टा व साखळी, मांजरासाठी झाकणाची टोपली आणि दोघांचे लसीकरणाचे कागद तयार असावेत. कुत्र्यांसाठी रेबीजप्रमाणेच लेप्टोस्पायरोसिसचीही लस मिळते.

घरातील पिशवीत नित्याची औषधे, चिठ्ठ्या, कागदपत्रे, विजेरी, कोरडे खाणे व पिण्याचे पाणी असावे. मधुमेह व रक्तदाबाच्या रुग्णांना निदान पंधरा दिवसांची औषधे जवळ ठेवण्यास सांगावे. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हे क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावेत.

औषधालय

वत्सनाभ, कुचला, भल्लातक आदी अनुसूची ई-१ मधील द्रव्ये मागील पुराच्या खुणेहून उंच, कुलूपबंद ठेवावीत. ती वाहून गेली, तर माणसांना व जनावरांनाही विषबाधेचा धोका संभवतो. पुराचे पाणी लागलेली चूर्णे, गुटी व काष्ठौषधी वाळवून विकू नयेत. नुकसान सोसावे, परंतु असे औषध रुग्णाच्या हाती देऊ नये.

आपली मर्यादा

निर्मळीच्या बियांनी पाणी नितळते, निर्जंतुक होत नाही. ते उकळूनच घ्यावे. पुराच्या पाण्यातून चाललेल्या रुग्णास ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना व नेत्रलाली आढळल्यास लेप्टोस्पायरोसिसची शंका धरून त्यास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. ओसरत्या पुराबरोबर सर्प घरांत शिरतात. सर्पदंशात प्रतिविषाविना घालविलेला वेळ प्राणघातक ठरतो. तेथे अगदतंत्रातील प्रयोग करीत बसू नये.

वर्षा ऋतूची चर्या सांगताना आपण अग्निमांद्य व वातप्रकोपाविषयी सांगतोच. नदीकाठच्या रुग्णास त्यासोबत आणखी एक प्रश्न विचारावा : ‘गोठ्यात जनावरे किती, आणि पाणी आले तर ती कोठे नेणार?’ उत्तर तयार नसेल, तर ते त्याच भेटीत त्याच्यासोबत ठरवावे. आमच्या मते हेही पथ्यच होय.