सॅन फ्रान्सिस्कोला कॅस्ट्रो आहे, मग मुंबईत ‘गे मोहल्ला’ का उभा राहिला नाही?

नाशिकपासून साधारण २५ किलोमीटरवर दिंडोरी. द्राक्षबागा, वायनरी, स्वामी समर्थ केंद्र आणि रोज सकाळी नाशिकला कामाला किंवा कॉलेजला जाणारी पोरं, ही या गावाची ओळख.

समजा, इथल्याच एखाद्या पोराने घरचे झोपल्यावर मोबाईलवर शोधलं, ‘गे लोकांची वस्ती कुठे असते?’ तर मोबाईल त्याला थेट अमेरिकेत नेऊन सोडतो. सॅन फ्रान्सिस्को शहर, कॅस्ट्रो स्ट्रीट. खांबाखांबावर इंद्रधनुषी झेंडे, त्याच रंगांचे रस्ता ओलांडायचे पट्टे आणि हातात हात घालून चाललेली दोन माणसं.

मग तो जवळचं काहीतरी शोधतो. मुंबई. तिथे पार्ट्यांची नावं येतात, संस्थांची नावं येतात, मोर्च्याचे फोटो येतात. पण ‘अमुक स्टेशनला उतर, तो भाग आपला’ असं सांगता येईल असं एकही नाव येत नाही.

खरं तर मुंबईत प्रत्येकाचा आपला भाग आहे. दादरला पारशी कॉलनी, माटुंग्याला तमिळ मंडळी, भुलेश्वरला गुजराती, गिरगावात मराठी चाळी. मग समलिंगी लोकांचाच भाग का झाला नाही?

हा प्रश्न नुसत्या हिंडण्याफिरण्याच्या जागेचा नाही. त्याचं उत्तर भाड्याच्या खोलीपासून सुरू होतं आणि थेट सुप्रीम कोर्टापर्यंत जातं.

मोहल्ला तयार होतो तरी कसा?

आज कॅस्ट्रो म्हणून जगभर माहीत असलेला भाग पूर्वी आयरिश कामगारांचा होता. १९६० च्या दशकात ही कुटुंबं उपनगरांकडे जायला लागली. मागे राहिली जुनी लाकडी घरं आणि स्वस्त भाडी.

दुसरीकडे सॅन फ्रान्सिस्को हे बंदर. दुसऱ्या महायुद्धात समलिंगी असल्याच्या कारणावरून लष्करातून काढलेल्या अनेकांना इथेच उतरवलं गेलं. तो शिक्का घेऊन गावी जायचं कसं? मग बरेच जण तिथेच राहिले. पुढे देशभरातून तरुण येत गेले. त्यांना स्वस्त घरं हवी होती आणि ती कॅस्ट्रोत होती.

टोकियोतल्या शिंजुकू नि-चोमे या भागाचं गणितही असंच. १९५८ मध्ये जपानमध्ये वेश्याव्यवसायबंदीचा कायदा पूर्णपणे लागू झाला आणि तिथल्या जागा रिकाम्या पडल्या. त्या छोट्या जागांमध्ये समलिंगींचे बार सुरू झाले.

थोडक्यात, असा मोहल्ला व्हायला दोन गोष्टी लागतात. घर सोडून आलेली एकटी माणसं आणि त्यांना परवडणारी, कुणी चौकशी न करणारी जागा.

आणि मोहल्ला झाला की काय होतं?

१९७३ मध्ये हार्वे मिल्क नावाच्या माणसाने कॅस्ट्रो स्ट्रीटवर कॅमेऱ्याचं दुकान टाकलं. त्याच वर्षी तो शहराच्या निवडणुकीला उभा राहिला आणि पडला. १९७५ ला पडला, १९७६ ला राज्याच्या विधानसभेसाठी उभा राहिला, तिथेही पडला.

१९७७ मध्ये मात्र तो निवडून आला. कारण त्या वर्षी पद्धत बदलली होती. आधी अख्खं शहर मिळून सगळे सदस्य निवडायचं, आता प्रत्येक भागाने आपला एक सदस्य निवडायचा होता. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर वॉर्ड पडले आणि कॅस्ट्रोच्या वॉर्डाने आपला नगरसेवक निवडून दिला.

मिल्क यांना फार दिवस मिळाले नाहीत. २७ नोव्हेंबर १९७८ ला त्यांची आणि महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांची सिटी हॉलमध्येच गोळ्या घालून हत्या झाली. पण तेवढ्या काळात नोकरी आणि घर देताना समलिंगी व्यक्तीशी भेदभाव करायला बंदी घालणारा शहराचा कायदा त्यांनी पास करून घेतला होता.

म्हणजे वस्ती झाली, वस्तीतून मतं झाली आणि मतांतून कायदा झाला. मुंबईत नेमकी ही साखळी पहिल्याच कडीला तुटली.

मुंबईतही एकटे पुरुष होतेच की!

होते, आणि लाखांनी होते. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेला गडी बायकोपोरांना गावी ठेवून यायचा. एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळीपाळीने झोपायचं आणि जेवायला खानावळ.

वरवर बघितलं तर सॅन फ्रान्सिस्कोसारखंच चित्र. पण फरक एका गोष्टीत होता. गिरणीकामगाराला खोली मिळायची ती गावाच्या ओळखीवर. एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेली ती गावकीची खोली. शेजारी झोपलेला चुलत्याच्या नात्यातला, समोरचा मामाच्या गावचा. माणूस गाव सोडून यायचा, पण गावाचे डोळे त्याच्याबरोबरच यायचे.

घर घेऊन वेगळं राहायचं म्हटलं, तर जुन्या घरांना पागडी लागायची. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत अख्खं कुटुंब. आजही ‘बॅचलर’ म्हटल्यावर अनेक सोसायट्या तोंड फिरवतात. लग्न झालं तरच माणूस मार्गी लागला, ही समजूत नुसती समाजात नाही, भाड्याच्या बाजारातही आहे.

सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी २००६ मध्ये आली. तिच्यात एका मराठी घरातला भाऊ आणि बहीण दोघेही एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात. प्रेम येतं ते घरात भाड्याने राहायला आलेल्या माणसाच्या रूपाने. घर मात्र आईवडिलांचंच असतं.

वर डोक्यावर कलम ३७७

१८६० च्या भारतीय दंडविधानातलं हे कलम ब्रिटिशांनी आणलं. ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संबंधांसाठी जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. प्रत्यक्षात शिक्षा थोड्यांनाच झाली, पण धाक मोठा होता. पोलीस असो की गुंड, ‘घरी सांगू का?’ एवढं विचारलं तरी समोरचा खिसा रिकामा करायचा.

अशा वेळी ‘हा आमचा भाग’ असं उघड सांगणार कोण?

जागा नाही मिळाली, मग वेळ वाटून घेतली

इथे मुंबईने आपल्या पद्धतीने वाट काढली. मालकीची जागा नव्हती, म्हणून सगळ्यांच्याच जागेतला थोडा वेळ घेतला.

कुलाब्यात आर्थर बंदर रोडवर ‘स्लिप डिस्क’ नावाचा क्लब होता. १९७२ मध्ये लेड झेपलिन या बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट तिथे वाजवून-गाऊन गेले होते. त्याच जागी पुढे ‘वूडूज’ नावाचा पब आला. इतर दिवशी तो कुलाब्यातला एक साधा पब. पण शनिवारी रात्री तिथे समलिंगी पुरुषांची गर्दी व्हायची. डोंबिवलीचा क्लार्क आणि मलबार हिलचा शेठजी एकाच फरशीवर नाचायचे आणि रविवारी पुन्हा आपापल्या घरी.

लोकलचंही तसंच. ठरावीक वेळेच्या गाडीचा ठरावीक डबा ज्यांना माहीत होता, त्यांनाच माहीत होता. १९९८ मध्ये ‘गे बॉम्बे’ हा गट इंटरनेटवर सुरू झाला. त्याच्या भेटी आणि पार्ट्याही अशाच, आज इथे तर उद्या तिथे.

१६ ऑगस्ट २००८ ला ‘क्वीअर आझादी’चा पहिला मोर्चा निघाला तो ऑगस्ट क्रांती मैदानातून. १९४२ मध्ये ‘चले जाव’ची हाक दिली गेली ते हे मैदान. तिथून गिरगाव चौपाटीपर्यंत काही तास रस्ता आपला झाला. कित्येकांनी तोंडाला मुखवटे लावले होते, कारण मोर्चा संपल्यावर घरीच जायचं होतं.

पण एक पत्ता मात्र झाला

पत्रकार अशोक राव कवी यांनी १९८६ मध्ये एका इंग्रजी मासिकातून आपण समलिंगी असल्याचं जाहीर सांगितलं. १९९० मध्ये त्यांनी ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केलं. शहरातल्या मोहल्ल्यात पोहोचता येत नसेल, तर निदान पोस्टाने पाकीट तरी पोहोचावं, असा तो प्रकार.

१९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याला सांताक्रूझ पूर्वेला वाकोल्यात जागा मिळाली. तीही महापालिकेच्या जुन्या इमारतीत! कलम ३७७ लागू असताना, समलिंगी पुरुषांसाठी काम करणाऱ्या संस्थेचा फलक सरकारी इमारतीत लागला. कारण होतं एड्स. साथ रोखायची तर ज्यांच्यापर्यंत पोहोचायचं त्यांचा पत्ता हवा आणि तो पत्ता पालिकेकडे नव्हता.

पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट सुरू केला, नागपुरात सारथी ट्रस्ट उभा राहिला. महाराष्ट्रात मोहल्ला झाला नाही, पण अशा काही खोल्या झाल्या, जिथे दार लावून मोकळेपणाने बोलता येतं.

बायकांचं काय?

शनिवारची रात्र असो की लोकलचा डबा, हे सगळं बहुतेक पुरुषांना शक्य होतं. ज्या मुलीला संध्याकाळी सातच्या आत घरात यायचं आहे, तिच्या वाट्याला एवढाही वेळ येत नाही.

मुंबईत १९९५ मध्ये ‘स्त्री संगम’ हा गट सुरू झाला, पुढे तोच ‘लेबिया’ म्हणून ओळखला गेला. १९९८ मध्ये ‘फायर’ हा सिनेमा आला. एकाच घरातल्या दोन जावांच्या प्रेमाची गोष्ट. डिसेंबरात गोरेगावच्या सिनेमागृहात शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी तोडफोड करून खेळ बंद पाडला. त्या सिनेमातल्या बायकांना वेगळा मोहल्ला नव्हता, एक सासरचं घर होतं आणि सगळं त्यातच घडत होतं.

स्वतःची वस्ती खऱ्या अर्थाने जपली ती हिजडा समाजाने. गुरू, चेले, घराणी आणि एकत्र राहायची जागा ही त्यांची जुनी रीत. पण तिथे जायचं म्हणजे आधीच्या घराचं दार कायमचं बंद, ही किंमत बहुतेकांना मोजावी लागली.

मोबाईल आला, मोहल्ला आला का?

आता दिंडोरीच्या त्या पोराकडे परत येऊ. डेटिंग ॲप उघडलं की त्याला अंतरासकट माणसं दिसतात. पाच किलोमीटर, पंचवीस किलोमीटर. आपण एकटे नाही हे कळायला पूर्वी मुंबईची गाडी पकडावी लागायची, आता एक बोट फिरवावं लागतं.

पण बहुतेक फोटोंना चेहरा नसतो. आणि मोहल्ल्यात जे फुकट मिळतं ते इथे मिळत नाही. ‘त्याच्यापासून सांभाळून राहा’ असं सांगणारा पानवाला नाही, ओरडलं तर धावून येणारा शेजारी नाही. भेटायला बोलवायचं, व्हिडिओ काढायचा आणि पैसे मागायचे, अशा टोळ्यांना हेच फावतं.

म्हणून दोन गोष्टी माहीत असायला हव्यात. ६ सप्टेंबर २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर दोन सज्ञान व्यक्तींचे संमतीने असलेले समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. पैसे उकळणं मात्र गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ नुसार. म्हणजे पोलीस ठाण्यात जायची भीती धमकी देणाऱ्याला वाटायला हवी.

वॉर्ड नाही, म्हणून कोर्ट

आपल्याकडची सगळी लढाई कोर्टातच झाली हे लक्षात घ्या. २००९ ला दिल्ली हायकोर्टात जिंकले, २०१३ ला सुप्रीम कोर्टात हरले, २०१८ ला जिंकले. पक्षांनी हा विषय मतांसाठी फारसा लावून धरला नाही, कारण मतं आहेत पण विखुरलेली. प्रत्येक चाळीत, प्रत्येक वाड्यात, प्रत्येक गावात एखाद-दुसरं. त्यांचा मिळून एक वॉर्ड होत नाही.

१७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी विवाहाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की, हा निर्णय कायदेमंडळाने घ्यायचा. म्हणजे प्रश्न पुन्हा तिथेच गेला, जिथे डोकी मोजली जातात.

मधल्या काळात छोट्या गोष्टी सरकल्या आहेत. २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्पष्ट केलं की, समलिंगी जोडीदारांना बँकेत जॉइंट खातं उघडायला आडकाठी नाही. आणि रेशनकार्डासाठी अशा जोडीदारांना एकाच घरातले धरावं, असंही राज्यांना कळवलं.

तिकडे कॅस्ट्रोत आता भाडी इतकी वाढली आहेत की, घर सोडून आलेल्या तरुणाला तिथे खोली परवडत नाही. जगातला सगळ्यात प्रसिद्ध गे मोहल्ला ज्या स्वस्त भाड्यावर उभा राहिला, ते भाडंच राहिलं नाही.

त्यामुळे दिंडोरीच्या पोराला कॅस्ट्रो मिळणार नाही आणि कदाचित मुंबईतही तसा भाग होणार नाही. पण नाशिकला, सातपूर-अंबडच्या आसपास दोन पुरुषांना किंवा दोन बायकांना एक खोली मिळाली, घरमालकाने ‘लग्न कधी?’ विचारलं नाही आणि रेशनकार्डावर दोघांची नावं एकाखाली एक लागली, तर त्यांच्यापुरता मोहल्ला तिथून सुरू होतो.