विश्लेषण : कारच्या ‘कूलिंग सिस्टिम’चे बिल वाजवी आहे का, हे कसे ओळखावे?

उन्हाळ्यात साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट किंवा नाशिककडे जाताना कसारा घाट चढताना रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या हमखास दिसतात. यातल्या बऱ्याच गाड्या पुढे गॅरेजमध्ये जातात आणि मालकाच्या हाती एस्टिमेट पडते. फ्लशिंग, कूलंट, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, मजुरी अशी नावे आणि खाली हजारांतला आकडा. तो आकडा योग्य की फुगवलेला, हे कळायला मार्ग नसतो. तरीही काही साध्या प्रश्नांवरून त्याचा बराचसा अंदाज घेता येतो.

एकूण रकमेवरून का ठरवता येत नाही?

समजा, एकाच गाडीसाठी दोन गॅरेजनी एस्टिमेट दिले. पहिले २,८०० रुपयांचे, त्यात फ्लशिंग आणि नवे कूलंट. दुसरे ६,५०० रुपयांचे, त्यात दाबाची चाचणी, वॉटर पंप, कूलंट आणि मजुरी. पहिले स्वस्त वाटते. पण पंपातून गळती होत असेल, तर नवे कूलंटही तिथूनच गळून जाईल आणि २,८०० रुपये वाया जातील. उलट गळती केवळ एखाद्या होज पाइपच्या सैल क्लिपमधून असेल, तर ६,५०० रुपयांतला पंप अनावश्यक ठरेल. (हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.) म्हणजे बिल वाजवी आहे का, याचे उत्तर ‘किती’च्या आधी ‘कशासाठी’ या प्रश्नात आहे.

ही यंत्रणा काम कशी करते?

इंजिनाभोवती कूलंट फिरते, उष्णता घेते आणि रेडिएटरमध्ये थंड होऊन परत येते. कूलंट फिरवण्याचे काम वॉटर पंपाचे. थर्मोस्टॅट ही त्याच्या मार्गातली झडप. ती साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडू लागते. ही यंत्रणा बंदिस्त आणि दाबाखाली असते. एक बार जादा दाबाखाली साधे पाणीही १०० नव्हे, तर १२० अंशांच्या आसपास उकळते. कूलंटमधल्या ग्लायकॉलमुळे ही मर्यादा आणखी वाढते. म्हणून झाकण सैल झाले तरी गाडी तापू शकते आणि म्हणूनच गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये.

यंत्रणा बंदिस्त असल्याने कूलंट वारंवार कमी होता कामा नये. दर महिन्याला ‘टॉप-अप’ करावे लागत असेल, तर ती देखभाल नव्हे, गळतीची खूण आहे.

बिघाड शोधला आहे, हे कसे कळेल?

गाडी केव्हा तापते, हे मालकाने नीट सांगितले तर निम्मे काम होते. सिग्नलवर किंवा वाहतूक कोंडीत तापते आणि महामार्गावर ठीक चालते, तर संशय पंख्यावर किंवा त्याच्या रिले-फ्यूजवर जातो. घाटात, भरल्या गाडीत तापते, तर रेडिएटर चोंदणे, थर्मोस्टॅट अडकणे किंवा पंप कमजोर होणे ही कारणे आधी तपासली जातात.

त्यानंतर मेकॅनिकला विचारावे : दाबाची चाचणी केली का? रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून दाब दिला जातो आणि तो टिकतो का, हे पाहिले जाते. दाब उतरला तर गळती शोधता येते. कूलंट कमी होते, बाहेर कुठेही ओल नाही, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर आहे किंवा सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येतो, अशी लक्षणे असतील तर हेड गॅस्केटची तपासणी लागते. ते काम खर्चिक असते, पण चाचणीविना ते सुचवले गेले तर दुसरे मत घ्यावे.

फ्लशिंग प्रत्येक वेळी लागते का?

नाही. कूलंट स्वच्छ असेल आणि केवळ मुदत संपली असेल, तर जुने काढून नवे भरणे पुरते. कूलंट गंजलेले, गढूळ असेल, वेगवेगळी कूलंट मिसळली गेली असतील किंवा आधी बोअरचे पाणी भरले गेले असेल, तर फ्लशिंग रास्त आहे. बोअरच्या जड पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात.

कूलंट बदलण्याची मुदत गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते. जुन्या पद्धतीच्या कूलंटला ती साधारण दोन वर्षे, तर ‘लाँग लाइफ’ प्रकारांना पाच वर्षे किंवा अधिक असू शकते. हिरवा, लाल, निळा या रंगांवरून प्रकार ठरत नाही. मॅन्युअलमध्ये सांगितलेला प्रकारच पाहावा.

कूलंटचा हिशेब कसा तपासावा?

यंत्रणेत किती लिटर कूलंट मावते, हेही मॅन्युअलमध्ये असते. समजा ते पाच लिटर आहे. थेट वापरण्याचे तयार मिश्रण भरले, तर बिलात पाच लिटरच्या आसपास आकडा हवा. कॉन्सन्ट्रेट निम्म्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळले, तर कॉन्सन्ट्रेट सुमारे अडीच लिटरच लागेल. कॉन्सन्ट्रेटचे पाच लिटर लावले असतील, तर उरलेला डबा मागावा किंवा खुलासा विचारावा.

सीलबंद डब्यावरची एमआरपी सर्व करांसह असते. त्यामुळे त्या किमतीवर पुन्हा जीएसटी लावता येत नाही. बिलात मूळ किंमत आणि कर वेगळे दाखवले असतील, तर दोन्हींची बेरीज एमआरपीच्या आत हवी. सुट्या भागांचेही तसेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. दुरुस्तीच्या मजुरीवरही दर १८ टक्केच आहे. कर आकारला असेल तर बिलावर जीएसटी क्रमांक हवा. नोंदणी नसलेल्या छोट्या गॅरेजला कर आकारता येत नाही.

मजुरीत एवढा फरक का पडतो?

पंप कुठे बसवला आहे, यावर मजुरी ठरते. तो बाहेरच्या पट्ट्यावर असेल तर काम तुलनेने सोपे. टायमिंग बेल्टवर असेल तर बराच भाग उघडावा लागतो. अशा गाडीत बेल्टची मुदत जवळ आली असेल, तर पंप आणि बेल्ट एकत्र बदलणे फायद्याचे, कारण मजुरी एकदाच पडते. मात्र बिलात दोन्ही कामांची पूर्ण मजुरी वेगवेगळी लावलेली नाही ना, हे पाहावे. तसेच पंप बदलताना कूलंट काढावेच लागते. त्यामुळे ‘कूलंट बदलण्याची मजुरी’ पुन्हा स्वतंत्र दिसली, तर विचारणा करावी.

कंपनीचे सर्व्हिस सेंटर की बाहेरचे गॅरेज?

सुट्या भागांच्या बाजारातील निर्बंधांवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असेही आदेशात होते. काही कंपन्यांनी या आदेशाला आव्हान दिले. व्यवहारात वॉरंटीच्या काळात ठरलेली सर्व्हिस वेळेवर करून बिले जपणे सुरक्षित. वॉरंटी संपल्यावर दाबाची चाचणी करणारे, लेखी एस्टिमेट देणारे विश्वासू गॅरेज हा चांगला पर्याय असतो. काही कंपन्यांच्या संकेतस्थळांवर सर्व्हिसचा अंदाजे खर्च पाहता येतो. तुलनेसाठी तो उपयोगी पडतो.

काम देण्यापूर्वी काय करावे?

जॉब कार्डवर तक्रार स्वतःच्या शब्दांत लिहून घ्यावी. भाग आणि मजुरी वेगवेगळी दाखवणारे एस्टिमेट घ्यावे. ‘जादा काम निघाल्यास आधी फोन करावा’ हे त्यावर नोंदवावे. बदललेले जुने भाग परत मागावेत. गळणाऱ्या जागेचा फोटो किंवा व्हिडीओ मोबाइलवर मागवावा. काम झाल्यावर गाडी चालवून पाहावी आणि इंजिन पूर्ण थंड झाल्यावर कूलंटची पातळी पुन्हा तपासावी.

फसवणूक झाल्यास?

बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. तोडगा न निघाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क नाही. मात्र हातात बिल, एस्टिमेट आणि जॉब कार्ड हवे.

घासाघीस करून पाचशे रुपये कमी करणे म्हणजे बचत नव्हे. दोन-तीनशे रुपयांची क्लिप वेळेत न बदलल्याने गाडी तापत राहिली आणि हेड गॅस्केट गेले, तर खर्च कितीतरी पटींनी वाढतो. बिघाडाचे कारण दाखवून देणारे बिल थोडे जास्त असले तरी ते वाजवी ठरू शकते. कारण न सांगता केलेले स्वस्त काम मात्र पुढच्या घाटात पुन्हा महागात पडू शकते.