तिखटाच्या कॅप्सूलने हृदय सुधारते का?

ठेचा-भाकरीवर वाढलेल्या बुलडाणेकरांना मिरचीचे कौतुक नवे नाही. हल्ली मात्र हीच लाल मिरची ‘केयेन पेपर’ या नावाने कॅप्सूलमध्ये भरून विकली जाते. तिने रक्तदाब उतरतो, रक्तवाहिन्या साफ होतात, असे सांगतात. रुग्ण मला याबद्दल विचारतात. छातीत दुखू लागताच कोमट पाण्यातून चमचाभर तिखट घ्यावे, असे ऐकून आलेलेही असतात.

आधी तेच सांगतो. असे मुळीच करू नका. हृदयविकाराच्या झटक्यात बहुधा हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत गुठळी झालेली असते. तिखटाने ती विरघळत नाही. आपल्या खेड्यांतून बुलडाणा किंवा खामगाव गाठण्यातच बराच वेळ जातो. त्यात ‘बघू, उतार पडतो का’ म्हणून अर्धा तास घालवला, तर तेवढ्यात हृदयाचा स्नायू मरत जातो. ताबडतोब 108 ला फोन करावा.

मग मिरचीत औषध नाहीच का? आहे. तिच्यातला झोंबणारा घटक म्हणजे कॅप्सेसिन. उष्णतेची व वेदनेची जाणीव देणाऱ्या मज्जातंतूंना तो चेतवतो, हे कसे घडते ते डेव्हिड ज्युलियस यांनी 1997 मध्ये दाखवले व 2021 च्या नोबेल पारितोषिकाचे ते मानकरी ठरले. पुन्हा पुन्हा लावल्यास हेच तंतू बधिर होतात. म्हणून गुडघ्याचा संधिवात, नागिणीनंतर उरणारी आग यांवर कॅप्सेसिनचे मलम देतात. मात्र घरचे तिखट कालवून लावू नये, कातडीवर फोड येतात. (कॅप्सेसिन पाण्यात फारसे विरघळत नाही, तेलात विरघळते. मिरच्या कुटून हात झोंबले तर आधी तेल चोळावे, मग साबणाने धुवावे.)

मिरचीने अल्सर होतो, हा समज खरा नाही. बहुतेक अल्सर हेलिकोबॅक्टर जंतूमुळे किंवा दुखण्यावरच्या गोळ्यांमुळे होतात. पण ज्यांना आधीच आम्लपित्त आहे त्यांची जळजळ मिरचीने वाढू शकते. गुदद्वाराला चीर असलेल्यांनीही जपावे. अशी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवरचा नागपूरचा एक अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मिरची घेणाऱ्यांना वेदना व आग जास्त झाली.

जेवणातल्या तिखटाची जीभच मर्यादा ठरवते. कॅप्सूल जिभेला चुकवून थेट पोटात जाते, त्यामुळे किती झाले ते कळत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. नावाच्या शेवटी ‘प्रिल’ असलेल्या रक्तदाबाच्या गोळीने खोकला येत असेल, तर मिरचीने तो वाढू शकतो. आणि कॅप्सूल सुरू केली म्हणून रक्तदाबाची गोळी तर एक दिवसही बंद करू नये.