तिमिशोआरा नगर व त्याचा संघ

युरोपचा नकाशा समोर घेऊन रुमानिया देशाच्या पश्चिम टोंकाकडे बोट नेलें, तर बेगा नदीच्या कांठीं तिमिशोआरा हें नांव आढळेल. वस्ती अडीच लाखांच्या आसपास. म्हणजे शहर फार मोठें नव्हे. परंतु 1552 पासून 1716 पर्यंत तें तुर्कांकडे होतें, पुढें आस्ट्रियाच्या बादशहाकडे गेलें, हंगेरीच्या राज्यांत मोडलें, आणि पहिल्या महायुद्धानंतर रुमानियांत आलें. त्यामुळें रुमानियन, मग्यार, जर्मन व सर्ब असे चार समाज तेथें शेजारी नांदत आले. आजहि एकाच इमारतींत तीन भाषांचीं नाटकगृहें आहेत.

डिसेंबर 1989 मध्यें लास्लो तोकेश नांवाच्या मग्यार पाळकांस घरांतून काढण्याच्या हुकुमाची अंमलबजावणी व्हावयाची होती. प्रथम त्यांच्या मंडळीचे लोक दाराशीं उभे राहिले. मग शेजारचे रुमानियनहि येऊन मिळाले. तेथून जो उठाव झाला त्यानें कांहीं दिवसांतच चौशेस्कूची राजवट उलथून पडली. गोळीबारांत पुष्कळ माणसें मेलीं, हें विसरूं नये.

या लोकांचा स्वभाव त्यांच्या फुटबॉलच्या मैदानावरहि दिसतो. 'किनेझुल' संघानें 1922 पासून 1927 पर्यंत लागोपाठ सहा वर्षें देशाचें अजिंक्यपद मिळविलें. 1928 त निघालेल्या 'रिपेन्सिया' या धंदेवाईक संघानें तें चार वेळां मिळविलें. पण जिव्हाळ्याचा संघ निराळाच. 1921 सालीं तंत्रविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनीं 'पोलितेहनिका' काढला. लोक त्याला लाडानें 'पोली' म्हणतात. रंग पांढरा व जांभळा. अजिंक्यपद त्याला कधींच लाभलें नाहीं. पण 1980 त त्यानें स्कॉटलंडच्या सेल्टिक संघास युरोपीय स्पर्धेबाहेर घालविलें. ग्लासगोंत 2-1 हरून घरीं 1-0 जिंकला. गोल बरोबरीचे, पण परक्या मैदानावरील गोलास तेव्हां अधिक मान असे.

2002 त बुखारेस्टचा एक संघ येथें आणून त्यास पोलीचें नांव देण्यांत आलें. जुन्या संघाच्या मालकानें दाद मागितली, आणि 2008 त नव्या संघास सहा गुणांसह तें नांव गमवावें लागलें. 2011 त तो देशांत दुसरा आला, तरी पैशाच्या घोळामुळें वरच्या श्रेणींतून काढला गेला. पुढील वर्षीं मोडलाच. तेव्हां म्युनिसिपालिटीच्या पाठिंब्यानें जवळच्या रेकाश गांवचा संघ आणून त्यालाहि 'पोली' म्हणावें असें ठरलें. लोकांनीं त्याकडे पाठ फिरविली. त्यांनीं विद्यापीठाच्या साह्यानें आपला निराळा पोली काढला व अगदीं खालच्या श्रेणीपासून खेळावयास लागले. आमच्या शाळेचा कोट दुसऱ्या शाळेच्या अकरा मुलांस घातला, तर आमचे विद्यार्थी त्यांच्यासाठीं घसा कोरडा करतील काय ?

म्युनिसिपालिटीचा पोली कांहीं वर्षें वरच्या श्रेणींत खेळला, परंतु प्रेक्षक त्याचे झाले नाहींत. 2018-19 त दोन्ही पोली दुसऱ्या श्रेणींत समोरासमोर आले. हंगामाअखेर म्युनिसिपालिटीचा खालीं घसरला, लोकांचा टिकला. 2021 त पहिला बंदच पडला.

यावरून हे लोक बाहेरच्यांस जवळ करीत नाहींत असें कोणास वाटेल. पण 2020 च्या निवडणुकींत त्यांनीं डोमिनिक फ्रिट्झ यांस नगराध्यक्ष निवडलें. हे गृहस्थ जन्मानें व नागरिकत्वानें जर्मन. 2003 त तरुणपणीं ते अनाथ मुलांच्या सेवेसाठीं या शहरीं आले, आणि रुमानियन भाषा शिकले. युरोपीय संघांतील कायद्याप्रमाणें अशा नागरिकास स्थानिक निवडणुकीस उभें राहतां येतें. त्यांच्याविरुद्ध उभे होते ते मावळते नगराध्यक्ष, पूर्वीं त्याच तंत्रविद्यापीठाचे कुलगुरु. 2024 त शहरानें फ्रिट्झ यांस पुन्हा निवडून दिलें.