आमच्या हातचं कोण विकत घेईल?

वाळवणाचे दिवस आले की काटोलकडच्या आमच्या वहिनींच्या अंगणात बाजेवर पापड पसरलेले दिसतात. चव अशी की सोयरेधायरे मागून नेतात. एकदा मी म्हटले, "वहिनी, थोडे विकायला करा की." पदर तोंडाशी धरून त्या हसल्या. "भाऊजी, आमच्या हातचं कोण विकत घेईल? अन् चार लोक काय म्हणतील?"

नागपुरातील जरीपटका वस्तीचेच पाहा ना. नाव मराठ्यांच्या निशाणाचे, पण १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेली कुटुंबे येथे वसली. पाहुण्यापुढे पापड-पाणी ठेवण्याची त्यांची रीत. गाठीला पैसा नसला तरी हातची कला फाळणीत हिरावली जात नाही.

आता मुंबईची गोष्ट. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर जसवंतीबेन पोपट आणि सहा शेजारणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी पापडांची पाकिटे झाली अवघी चार! तोटा आला तरी कोणापुढे हात पसरायचा नाही, एवढे मात्र आधीच ठरले होते. सुरुवातीला त्या भारी आणि हलका असे दोन प्रकार करीत. छगनबापा पारेख यांनी सांगितले, एकच करा, पण चांगला करा. पावसाळ्यात ऊन नाही म्हणून चार महिने काम बंद पडले. पुढच्या वर्षी बायकांनी खाट आणली, वर पापड पसरले, खाली स्टोव्ह पेटवला. ही युक्ती काही पुस्तकात शिकवीत नाहीत, बरे का!

तोच हा लिज्जत पापड. आज हजारो भगिनी त्यात आहेत आणि नफा-तोटा सगळ्यांचा. केंद्रावरून मळलेले पीठ न्यायचे, घरी लाटून वाळवायचे, दुसऱ्या दिवशी पापड देऊन मजुरी घ्यायची. लाटणे जमत नसेल तिने पीठ मळावे, पाकिटे भरावीत. जसवंतीबेनना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

हे सारे मी वहिनींना सांगितले. चार गल्लीतल्या बायका मिळून बसल्या तर लाज वाटून जाते, हेही सांगितले. त्यांनी ऐकले आणि काही न बोलता चुलीकडे वळल्या.

यंदा त्यांनी पाच किलो उडीद डाळ जास्त दळायला दिली आहे. दोन शेजारणींचे पोळपाटही ओसरीवर येऊन पडले आहेत. विचारले तर म्हणाल्या, "पाहुण्यांसाठी हो!"