वजन उतरवताना पोटात कळ आली तर



वजन कमी करण्याची गोष्ट आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४-२००४) यांनी मांडलेला दोन वेळच्या जेवणाचा विचार पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगाव नेला. तेव्हापासून चिपळूणपासून राजापूरपर्यंत कुणाच्याही पडवीत बसा, "किती किलो उतरलं?" हा प्रश्न निघतोच. हे चांगलेच आहे. वजन उतरले की गुडघ्यांवरचा भार हलका होतो, रक्तदाब आणि साखर आटोक्यात यायला मदत होते.

पण या वाटेवर एक खड्डा आहे आणि त्याची आगाऊ कल्पना फार थोड्यांना असते. समजा, एखाद्या ९० किलोच्या सभासदाने हट्टाने जेवण तोडले आणि दोन महिन्यांत १५ किलो उतरवले. सगळे वाहवा करताहेत. अशात एका लग्नाचे जेवण होते आणि रात्री उजव्या बरगडीखाली अशी कळ उठते की माणूस अंथरुणात बसू शकत नाही. घरातले म्हणतात, "पित्त झालं, कोकमाचं सरबत द्या." दुखणे दोन-तीन तासांनी थांबते आणि सगळे विसरतात. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. हे नेहमीचे पित्त नसून पित्ताशयातला खडा असू शकतो.

खडा होतो कसा?

आपले यकृत रोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करते. त्यातला काही भाग यकृताखालच्या लहानशा पिशवीत दाट होऊन साठतो. ही पिशवी म्हणजे पित्ताशय. जेवणात तेल-तूप आले की पिशवी आकुंचन पावते, रस आतड्यात सोडते आणि त्याने स्निग्ध पदार्थ पचतात.

पुढचे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही, कारण कारखान्यात आपण तेच पाहतो. पॅनमध्ये रस आटून प्रमाणाबाहेर दाट झाला की साखरेचा दाणा धरतो. घरी काकवीची बरणी बरेच दिवस न हलवता ठेवली, तर तळाशी खडे बसतात. पित्ताशयातही असेच घडते. वजन झपाट्याने उतरते तेव्हा अंगावरची चरबी वितळून तिच्यातले कोलेस्टेरॉल यकृतामार्फत पित्तरसात जास्त उतरते. म्हणजे पाक दाट झाला. त्यातच माणूस खूप तास उपाशी राहतो, नाहीतर तेलाचा थेंबही वर्ज्य करतो. मग पिशवी रिकामीच होत नाही. म्हणजे बरणी हलली नाही. दाणा धरायला आणखी काय हवे?

आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वजन उतरू लागले की हा धोका वाढतो. अगदी तुटपुंज्या आहारावर राहणाऱ्या लठ्ठ माणसांत १०० पैकी १० ते २५ जणांना काही महिन्यांतच खडे झाल्याचे आढळले आहे. त्यातल्या बहुतेकांना त्रास होत नाही, पण ज्यांना होतो त्यांना चांगलाच होतो. आणि हेही ध्यानात ठेवावे, की लठ्ठपणाने सुद्धा खडे होतात. तेव्हा "वजन उतरवायलाच नको" असा अर्थ कुणी काढू नये. उतरवायचे, पण दमाने.

कुळथाचे कढण चालेल का?

आपल्या कोकणात मुतखड्यावर कुळथाचे कढण देण्याची जुनी रीत आहे. म्हणून पित्ताशयाच्या खड्यावरही तेच सुरू होते. पण मुतखडा मूत्रपिंडात होतो, लघवीच्या वाटेवर. हा खडा वेगळ्या पिशवीत, वेगळ्या जिनसाचा. लघवी कितीही झाली तरी तो तिकडून जाणार कसा? कुळथाची पिठी भाताबरोबर खुशाल खावी, ती अन्न म्हणून उत्तम आहे. पण तिच्या भरवशावर तपासणी पुढे ढकलू नये. लिंबाचा रस आणि तेल पिऊन खडे पाडण्याचा उपायही मोबाइलवर फिरत असतो. त्यात शौचावाटे पडणाऱ्या हिरव्या गोळ्या बहुधा त्या तेलाच्याच झालेल्या असतात.

ओळखायचे कसे?

पोटाच्या वरच्या भागात किंवा उजव्या बरगडीखाली कळ येते. ती बऱ्याचदा तेलकट जेवणानंतर किंवा रात्री येते, अर्धा तास ते काही तास टिकते, उजव्या खांद्याच्या फऱ्याकडे जाते आणि उलटी होते. अशा वेळी सोनोग्राफी करून घ्यावी. साध्या एक्स-रेत यातले बरेच खडे दिसत नाहीत. रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात सोनोग्राफीची सोय आहे.

थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, लघवी गडद, दुखणे पाच-सहा तास न थांबणे किंवा पाठीपर्यंत असह्य कळ, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. छातीत दडपण आणि घाम असेल तर तो हृदयविकारही असू शकतो, तेथे क्षणाचीही वाट पाहू नये. आतल्या वाडीवरून रात्री वाहन मिळणे किती कठीण, हे आपण जाणतोच. म्हणून पहिली कळ येऊन गेली की दुसरीची वाट न पाहता दिवसाउजेडी तपासून घ्यावे.

खडा आहे पण त्रास नाही, तर बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही. त्रास होत असेल तर पित्ताशय काढणे हाच पक्का उपाय. या शस्त्रक्रियेची धास्ती नको. ती पहिल्यांदा बर्लिनमध्ये १८८२ साली झाली. दुर्बिणीने, लहान छिद्रांतून करण्याची पद्धत आपल्या देशात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९९० साली आणली. पिशवी काढल्यावर पित्तरस यकृतातून थेट आतड्यात उतरतो आणि माणूस पुन्हा शेतावर जातो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत खर्च बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधी विचारावे.

मधुमेहाच्या सभासदांना वेगळी सूचना

साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना मनाने जेवण तोडले, तर रक्तातील साखर एकदम खाली जाते. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. उसाच्या फडात एकटे असताना हे झाले तर जीवावर बेतते. शुद्ध असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न ओतता रुग्णालयात न्यावे. आहार बदलण्याआधी डॉक्टरांना विचारून गोळ्यांचे प्रमाण ठरवून घ्यावे. डॉ. दीक्षितांच्या योजनेतही सुरुवातीला रक्त तपासून घ्यायला सांगितलेले आहे, हे विसरू नये.

मग वजन उतरवायचे कसे?

१. आठवड्याला अर्धा ते एक किलो, याहून घाई नको.

२. तेल तोडावे, पण पार बंद करू नये. मुख्य जेवणात चहाचे दोन चमचे तेल पोटात जावे. त्याने पिशवी हलती राहते.

३. भात अर्धा करावा. त्या जागी भाजी, उसळ, बांगडा किंवा तारली घ्यावी. मासे तळण्याऐवजी कालवणात घालावेत.

४. रोज अर्धा-पाऊण तास झपाझप चालावे.

५. वजन फार असेल किंवा वेगाने उतरवायचे असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. खडे होऊ नयेत म्हणून काहींना ते आधीपासून औषधही देतात.

६. काहीच न करता वजन घटत असेल, तर खूश होऊ नये. क्षय, मधुमेह, थायरॉइड, कधी कर्करोगही त्यामागे असतो. लगेच तपासावे.

घरातल्या बायकांनी हे विशेष वाचावे. पित्ताशयाचे खडे पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त होतात आणि दुखणे अंगावर काढण्याची सवयही त्यांनाच जास्त.